रिटायरमेंटचा पैसा गल्ल्यात टाकू नका



मी दुकानदार माणूस. दुकानदाराला पडून असलेला पैसा बघवत नाही. गल्ल्यात दहा-वीस हजार जास्तीचे दिसले की हात शिवशिवतात. वायरचा भाव चढायच्या आत चार बंडल भरून ठेवू, सीझनच्या आधी पंखे उचलू. ट्रेनिंगमध्येही मी हेच शिकवतो की भांडवल फिरलं पाहिजे. आज मात्र बरोबर उलटं सांगणार आहे, कारण आजचा विषय दुकानाचा नाही, तुमच्या आईवडिलांच्या म्हातारपणाचा आहे. तुम्ही स्वतः पंचावन्न-साठीत असाल तर तुमचाच.

गेल्या उन्हाळ्यात एक काका कूलरचा पंप घ्यायला आमच्या दुकानात आले. एसटीतून मार्चअखेर निवृत्त झालेले, वय अठ्ठावन्न. पंप पिशवीत टाकला, पैसे दिले, तरी काका हलेनात. मग म्हणाले, "भाऊ, तू ते धंद्याचे व्हिडिओ काढतो ना, मग मला एक सांग. फंड, ग्रॅच्युइटी सगळं मिळून चोवीस लाख आलेत. कुठं टाकू?"

मी विचारलं, "काका, आतापर्यंत कोण कोण काय म्हणालं?"

तर तीन जण येऊन गेले होते. एक मेहुणा, एका पतसंस्थेचं काम करणारा, "बारा टक्के देतो, माझ्या शब्दावर टाका" म्हणणारा. दुसरा समृद्धीच्या इंटरचेंजकडचा प्लॉट दाखवणारा. आणि तिसरा घरातलाच, त्यांचा मुलगा. त्याला मोबाईल शॉपी टाकायची होती, आठ लाख हवे होते.

आता गंमत बघा, तिघांपैकी कोणीच चोर नव्हता. मेहुण्याचे स्वतःचे पैसे त्याच संस्थेत होते. प्लॉटवाल्याला खरंच वाटत होतं की भाव वाढणार. मुलगा तर कष्टाळू. पण तिघांनाही दिसत होते ते चोवीस लाख. काकांना दर महिन्याला किती लागतात, हे एकानंही विचारलं नव्हतं.

मी तेच विचारलं. काकांना सांगता आलं नाही. "लागतात बाबा पंधरा-वीस," म्हणाले.

म्हटलं, काका, आज काहीच करू नका. घरी जा, काकूंना सोबत घेऊन बसा आणि वहीवर लिहून आणा. काकू सोबत पाहिजेतच, कारण घरखर्चाचा खरा आकडा नेहमी बाईमाणसाकडंच असतो.

चार दिवसांनी दोघं वही घेऊन आले. किराणा, दूध, भाजी, गॅस, लाईटबिल, काकांच्या बीपीच्या आणि काकूंच्या थायरॉईडच्या गोळ्या, मोबाईल रिचार्ज, पेट्रोल, आहेर-मानपान, वर्षातून एकदा पंढरपूर. वर्षाचे खर्च बाराने भागून महिन्यावर आणले. आकडा आला अठरा हजार. घर स्वतःचं, कर्ज नाही. एवढं ऐकून बरं वाटलं.

जमेच्या बाजूला काय? ईपीएस-९५ ची पेन्शन, तीन हजार सहाशे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एसटी, साखर कारखाने, खाजगी कंपन्या, आपल्या जालन्याच्या स्टील आणि बियाण्यांच्या कंपन्या, जिथं जिथं पीएफ कापला जातो तिथल्या लोकांना मिळणारी पेन्शन ही. सरकारी नोकराच्या पेन्शनसारखी नाही. हिच्यात महागाई भत्ता नसतो. आज तीन हजार सहाशे, तर दहा वर्षांनीही तेवढेच. किमान रक्कम हजार रुपये आहे, ती २०१४ पासून.

शिवाय दोन एकर कोरडवाहू जमीन, बटईनं दिलेली. ती मी हिशोबात शून्य धरली. काका जरा नाराज झाले, "अरे कापूस होतो की!" होतो, पण प्रत्येक वर्षी होतो का? ज्या वर्षी होईल त्या वर्षी ते पैसे वरचे समजा. गोळ्यांचा खर्च पावसावर ठेवायचा नाही.

म्हणजे महिन्याला चौदा हजार चारशेची तूट. आता चोवीस लाखांना काम मिळालं. त्यांनी दर महिन्याला ही तूट भरून काढायची, बस. मला या लेखात सांगायची गोष्ट हीच आहे. रिटायरमेंटची रक्कम भांडवल म्हणून बघू नका, तो तुमचा पुढच्या पंचवीस वर्षांचा पगार आहे. फक्त तो एकरकमी हातात आल्यामुळं भांडवलासारखा दिसतो. मग त्याला आधी परत पगारात बदलायचं. एकदा का पैसा महिन्याच्या पगारात बदलला, की मागायला येणारे पण कमी होतात. चोवीस लाखवाल्याकडं तिघं आले होते. महिन्याला दहा हजार व्याज येणाऱ्याकडं कोण प्लॉट घेऊन येतं?

पैसे कुठं लावले

काकांचं वय अठ्ठावन्न, आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरची, असं सगळ्यांना वाटतं. पण यात एक सवलत आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. पंचावन्न ते साठ वयात जो निवृत्त झाला, त्यालाही हे खातं उघडता येतं. अट अशी की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायचं, आणि जेवढे निवृत्तीचे मिळाले त्यापेक्षा जास्त टाकायचे नाहीत. आधी ही मुदत एक महिनाच होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये तीन महिने केली. काकांचे पैसे येऊन दीड महिना होऊन गेला होता. मेहुण्याच्या, प्लॉटवाल्याच्या विचारात अजून दीड महिना गेला असता तर हा दरवाजा साठीपर्यंत बंद. म्हणून मी त्याच दिवशी त्यांना डेपोतून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला आणायला पिटाळलं.

या योजनेत हे लिहिताना ८.२ टक्के व्याज आहे. सरकार दर तीन महिन्यांनी दर ठरवतं, पण तुम्ही ज्या दराला खातं उघडलं तो दर पाच वर्षं पक्का. एका माणसाला जास्तीत जास्त तीस लाख टाकता येतात, २०२३ च्या एप्रिलच्या आधी ही मर्यादा पंधरा लाख होती. व्याज दर तीन महिन्यांनी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला खात्यात पडतं. पाच वर्षं झाली की तीन-तीन वर्षांनी वाढवता येतं. पोस्टात उघडा नाहीतर बँकेत, योजना सरकारचीच आहे.

काकांनी यात पंधरा लाख टाकले. वर्षाला एक लाख तेवीस हजार, तिमाहीला तीस हजार सातशे पन्नास, महिन्यावर आणलं तर दहा हजार दोनशे पन्नास. काकूंना जॉइंट घेतलं. काकू चोपन्नच्या आहेत, पण जॉइंटमध्ये जोडीदाराच्या वयाची अट नाही. काकांचं काही बरंवाईट झालं तर काकूंना ते खातं पुढं चालवता येतं, पण तेव्हा त्या स्वतः योजनेच्या पात्रतेत बसत असल्या तरच. हे वाक्य काकूंसमोर बोलताना मला अवघड वाटलं होतं. काकूच म्हणाल्या, "लिही लिही, त्यात काय लाजायचं."

सहा लाख काकूंच्या एकट्याच्या नावावर, पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत. दर ७.४ टक्के, महिन्याला तीन हजार सातशे. एकट्याच्या नावावर नऊ लाखांपर्यंत आणि जॉइंट पंधरा लाखांपर्यंत टाकता येतात. काका म्हणाले, हिच्या नावावर कशाला, एकच घर आहे. मी म्हटलं, काका, तुम्ही पस्तीस वर्षं एसटीत होता, तेवढीच वर्षं त्यांनी डबा दिला. त्यांच्या पासबुकात त्यांचे पैसे पडू द्या. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची सही करून पैसे काढले ते त्या खात्यातून.

बेरीज केली तर पेन्शन ३,६००, काकांचं व्याज १०,२५०, काकूंचं ३,७००. एकूण सतरा हजार पाचशे पन्नास. खर्च अठरा हजार. साडेचारशे कमी पडले. काका हसले, "एवढं तर मी नातवाच्या कुरकुऱ्यावर घालतो."

उरले तीन लाख. त्यातला एक लाख साध्या बचत खात्यात. दुकानदार मित्रांना हे खटकेल, पण काकांचं व्याज तीन महिन्यांनी येतं आणि दूधवाला महिन्याला येतो. मधली पोकळी भरायला आणि रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर हातात असावेत म्हणून हे पैसे. दोन लाखांच्या बँकेत पावत्या केल्या, पण पन्नास-पन्नास हजारांच्या चार. एकच दोन लाखांची पावती असली आणि चाळीस हजार लागले तर सगळी मोडावी लागते आणि सगळ्यावर व्याज कापलं जातं. चार असल्या की एकच मोडायची.

ज्येष्ठ नागरिक योजनेतले पैसे मुदतीआधी काढता येतात, पण फटका बसतो. वर्षाच्या आत काढले तर दिलेलं व्याजही परत घेतात, एक ते दोन वर्षांत काढले तर मुद्दलातून दीड टक्का, दोन वर्षांनंतर एक टक्का. मला तर हा फटका आवडतो. कोणी उसने मागितले की "मोडलं तर नुकसान होतं हो" असं खरं खरं सांगता येतं.

अजून एक लहान गोष्ट. व्याज ठरावीक रकमेच्या वर गेलं की टीडीएस कापतात. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म दरवर्षी एप्रिलमध्ये काउंटरवर मागून भरून द्या. विसरलात तर रिटर्न भरून परत मिळवत बसावं लागतं.

मेहुण्याचे बारा टक्के

काकांना एका गोष्टीचं वाईट वाटत होतं, "मेहुणा बारा देतोय, तू आठ सांगतो."

मी दुकानातल्या बिलबुकाच्या मागं लिहून दाखवलं. पाच लाखांवर बारा टक्क्यांनी वर्षाला साठ हजार. ८.२ नं एक्केचाळीस हजार. फरक एकोणीस हजार. म्हणजे वर्षाला एकोणीस हजार जास्तीचे मिळावेत म्हणून आपण पाच लाख पणाला लावतो. आता मला सांगा काका, एखादा गिऱ्हाईक बाजारभावापेक्षा चढ्या भावानं, पण उधारीवर माल मागायला आला तर दुकानदार खूश होतो की सावध होतो? मी तर सावध होतो. ज्याला बँक नऊ-दहा टक्क्यांनी कर्ज देते तो माणूस तुम्हाला बारा टक्के व्याज का देईल? त्याला स्वस्तात कोणी देत नाही म्हणून.

हे नुसतं गणित राहिलेलं नाही, हे आपण मराठवाड्यात भोगलंय. २०२३ च्या जुलैमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या आदर्श नागरी पतसंस्थेतला गैरव्यवहार बाहेर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटशी संबंधित उद्योगसमूहावर आयकर विभागाच्या धाडी पडल्या, आणि मग ठेवीदार शाखांच्या दारात उभे राहिले, पण पैसे मिळेनात. पुढं गुन्हे नोंद झाले, ईडीचा तपास लागला, मालमत्ता जप्त झाल्या. त्यात जालना जिल्ह्यातले लोकही होते, तुमच्या-माझ्या ओळखीचेसुद्धा असतील. कोणी लेकीच्या लग्नाचे ठेवले होते, कोणी निवृत्तीचे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, ज्याला एमपीआयडी म्हणतात. मालमत्ता जप्त करून, विकून पैसे परत द्यायची सोय त्यात आहे. पण त्याला लागणारी वर्षं तिशीतला माणूस काढू शकतो, सत्तरीतल्यानं कशी काढायची?

इथं एक फरक नीट समजून घ्या, कारण बोर्डावर सगळीकडं "सहकारी" लिहिलेलं असतं. सहकारी बँक वेगळी आणि पतसंस्था वेगळी. बँक, मग ती राष्ट्रीयीकृत असो, खाजगी असो की नागरी सहकारी, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची नजर असते आणि तिच्यातल्या ठेवीला विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून हा विमा एका बँकेत एका माणसाला पाच लाखांचा आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, सगळ्या शाखा एकत्र धरून. त्याआधी तो एक लाखच होता. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी यांना हा विमाच नाही. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याकडं नोंदलेली, मल्टिस्टेट दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडं. रिझर्व्ह बँकेचा दोन्हींशी संबंध नाही, मग शाखा कितीही चकाचक असो.

सगळ्या पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही. माझी स्वतःची पिग्मी एका पतसंस्थेत चालते, रोज संध्याकाळी माणूस येतो, वर्षाला दिवाळीच्या मालाची सोय होते. ती रक्कम गेली तर मी रडेन, पण दुकान बंद पडणार नाही. म्हातारपणाचा पैसा मात्र तिथं नको. सहकारी बँकेत ठेवायचाच असेल तर व्याज धरून पाच लाखांच्या आत राहील असा, म्हणजे साडेचारच्या आसपास. नवरा-बायकोची वेगवेगळी खाती असतील तर दोघांचा विमा वेगवेगळा धरला जातो.

मेहुणा नाराज झाला. पुढच्या एका लग्नात बोलला नाही म्हणे. चालतंय.

मुलगा मागतो तेव्हा

हा भाग लिहायला मला जड जातो, कारण यात मी मुलाच्या जागी आहे.

२०१९ साली मला दुसरं दुकान टाकायचं होतं. बीबीए झालेलो, आकडे मांडता येत होते, कागदावर सगळं झकास दिसत होतं. वडिलांनी एकतीस वर्षं याच लाईनमध्ये घालवून सात लाखांच्या पावत्या केल्या होत्या. त्यांना पेन्शन नाही, दुकानदाराला कुठली पेन्शन. मी म्हणालो, "अण्णा, बँकेत सहा-सात टक्के मिळतात, मी तुम्हाला दीडपट करून देतो." अण्णांनी एक शब्द न बोलता पावत्यांवर सह्या केल्या.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. भाडं, हप्ते आणि पोराचा पगार सुरू, शटर बंद. २०२१ मध्ये ते दुकान मी गुंडाळलं. त्याच वर्षी अण्णांची अँजिओप्लास्टी झाली आणि पैसे मामांकडून उसने आणावे लागले. दवाखान्यात अण्णा मला म्हणाले, "तू टेन्शन घेऊ नको." तेवढंच. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लॉकडाऊन माझ्या हातात नव्हता, हे मला कळतं. पण अण्णांचे सगळेच्या सगळे पैसे एका जुगाराला लावणं माझ्या हातात होतं. धंदा बुडाला तर मी तिशीत होतो, उठून उभा राहू शकत होतो आणि राहिलो. त्यांचं वय बासष्ट होतं.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून अण्णांच्या खात्यात नऊ हजार आपोआप जातात. सुरुवातीला ते म्हणायचे, "कशाला, लागले तर मागेन." मी सांगितलं, ही मदत नाही, हा हप्ता आहे, मी तुमचा कर्जदार आहे. अजून एकवीस हप्ते राहिलेत. घरात दिलेले पैसे "मदत" म्हणून परत यायला लागले की घेणाऱ्याची मान खाली जाते, हप्ता म्हणून आले की जात नाही. एवढं मला या सगळ्यातून कळलं.

म्हणून काकांच्या मुलाला दुकानात बोलावून घेतलं आणि त्याच्याशी मी धंद्याच्या भाषेत बोललो. आठ लाख लागतात का? चार लाखांत सुरू होते का? शॉपीत रिपेअरिंग किती, विक्री किती? मग जिल्हा उद्योग केंद्राची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती दिली, त्यात पात्र माणसाला बँकेच्या कर्जावर सबसिडी मिळते. मुद्रा कर्ज आहेच. त्याचा चेहरा पडला, "बँकवाले लय कागद मागतात." मी म्हटलं, मागू दे की. बँकेला तुझा धंदा पटत नसेल तर तो बापाच्या फंडाला का पटावा?

शेवटी काकांनी त्या चार पावत्यांपैकी एक मोडून पन्नास हजार दिले, दुकानाच्या डिपॉझिटसाठी. वहीवर रक्कम, हप्ता आणि तारीख लिहिली, बापलेकांनी सह्या केल्या. काका आधी संकोचले, पण मुलगाच म्हणाला, लिहा. आणि मी काकांना बजावलं की पोराच्या कर्जाला जामीनदार म्हणून किंवा तुमची पावती तारण ठेवून सही मागितली, तर तेही पैसे देण्यासारखंच आहे असं समजा.

प्लॉटचं लांबवत नाही. समृद्धीत ज्यांच्या जमिनी गेल्या त्या जालना-बदनापूर तालुक्यांतल्या गावांत मोठा पैसा आला, आणि त्यातला बराच पुन्हा जमिनीत गेला. शेतकऱ्यानं जमीन घेतली तर मी समजू शकतो, तो ती कसतो. पण निवृत्त माणसाला प्लॉट दर महिन्याला काही देत नाही, उलट कंपाउंड घाला, अतिक्रमणावर लक्ष ठेवा. आणि ज्या दिवशी ऑपरेशनला पैसे लागतात त्या दिवशी प्लॉटला गिऱ्हाईक नसतं. एनए आहे का, सातबाऱ्यावर कोणाची नावं आहेत, हे तर पुढचेच प्रश्न.

या हिशोबातलं भोक

काकांचं गणित आज जुळलं, पण यात एक मोठं भोक आहे आणि ते मी त्यांना सांगितलं. व्याज वाढत नाही, महागाई वाढते. बहात्तरला महागाईच्या दरानं भागा. सहा टक्के धरली तर बारा. म्हणजे बारा वर्षांत खर्च दुप्पट. काका सत्तरचे होतील तेव्हा हेच घर चालवायला छत्तीस हजार लागतील, आणि व्याज येईल साधारण आजच्याइतकंच. पाच वर्षांनी दर काय असेल हेही सरकार ठरवणार.

याला जादूचं उत्तर नाही. ज्याच्याकडं चाळीस-पन्नास लाख आहेत त्यानं पाचवा हिस्सा चांगल्या म्युच्युअल फंडात सात-आठ वर्षं न बघता ठेवावा, तो महागाईशी झुंजेल. काकांकडं तेवढी जागा नाही. बाजार वीस टक्के पडला तर त्यांची झोप उडेल आणि ते बरोबर चुकीच्या दिवशी पैसे काढतील. मग त्यांच्यासाठी काय निघालं? कापसाचे पैसे ज्या वर्षी येतील त्या वर्षी सगळे पावतीत. घराची पुढची खोली भाड्यानं. आणि काकांनी स्वतः सुचवलं की एका शाळेच्या बसवर सकाळ-संध्याकाळ अटेंडंट म्हणून जातो, महिन्याला सहा हजार मिळतात. हे सहा हजार खर्चायचे नाहीत, पहिली पाच वर्षं बाजूला टाकायचे. अठ्ठावन्नचा माणूस म्हातारा नसतो. एसटीतल्या माणसाला तर घरी बसवतच नाही.

दवाखान्याचं वेगळं बोलू. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, आधार कार्डावर निघतं. तुमच्या घरात सत्तरीचं कोणी असेल आणि कार्ड नसेल तर उद्याच काढा. त्याआधीच्या वयासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना. दोन्हींत दवाखाना यादीत असावा लागतो, म्हणून आजारी पडायच्या आधी जालना, संभाजीनगरमधली कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते विचारून ठेवा. आणि ज्यांच्याकडं काहीच नाही, वय पासष्टच्या वर आणि उत्पन्न अगदी कमी, त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजनेचे महिन्याला पंधराशे आहेत. तहसीलमध्ये अर्ज करायचा, एजंटला पैसे देऊन नाही.

कागद

घर आणि शेत जिवंतपणी मुलांच्या नावावर करायची आपल्याकडं घाई असते. "आज ना उद्या त्यांचंच आहे." आहे ना, मग उद्याच होऊ द्या. मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी, आणि मन बदललं तर बदलता येतं. बक्षीसपत्र केलं की मालकी त्याच दिवशी गेली. केलंच तर "सांभाळ करायच्या अटीवर" असं त्यात लिहून घ्या. तसं लिहिलेलं असेल आणि सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अर्ज करून ते रद्द करून मागता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन पण आहे.

प्रत्येक खात्याला, पावतीला नॉमिनी लावलाय का ते पासबुक काढून बघा. "लावला असेल" असं म्हणू नका. नॉमिनी नसला की वारस प्रमाणपत्रासाठी कोर्टाच्या चकरा, आणि ज्या बाईचा नवरा गेलाय तिनं त्या मारायच्या. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात, हिस्से लिहून. सगळ्या खात्यांची यादी एका वहीत, आणि ती वही कुठं आहे हे जोडीदाराला माहीत पाहिजे.

आणि फोनवर कोणी पोलीस, सीबीआय म्हणून "डिजिटल अरेस्ट" करत असेल तर फोन ठेवून द्या. अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. लाजून दोन दिवस घालवू नका, पैसे अडवायची संधी पहिल्या काही तासांतच असते.

पोस्टात जाताना आधार, पॅन, दोन फोटो आणि चेकबुक न्या. लाखाच्या वरची रक्कम ज्येष्ठ नागरिक योजनेत रोख घेत नाहीत. साठीच्या आतले असाल तर निवृत्तीचा दाखला आणि पैसे कोणत्या तारखेला मिळाले त्याचा पुरावा. जोडीदाराला सोबत न्या, जॉइंटसाठी सही लागतेच. आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, व्याज काढायला आलेल्यांची रांग पार दरवाजाबाहेर असते. काका आता त्या रांगेत असतात.